कांद्यांची माळ

माझ्या मेजाच्या खालच्या खणात छायाचित्रांचा एक लिफाफा आहे. दरम्यान माझ्या अनेक धर्मग्रामांत बदल्या झाल्या. पुस्तके वाटून टाकली, कपाटे मागे राहिली, पण हा लिफाफा प्रत्येक वेळी सामानाबरोबर आला. त्यात एकाच प्रसंगाची दोन छायाचित्रे आहेत. आमच्या घराच्या मागच्या दाराच्या चौकटीला पांढऱ्या कांद्यांची माळ टांगलेली आहे. मे महिन्याचे ऊन अंगावर घेतलेला एकेक कांदा असा रेखीव उतरला आहे की, सालीवरच्या हिरवट शिरा मोजून घ्याव्यात. माळेच्या उजव्या हाताला, उंबरठ्याच्या आत, एक काळसर, धूसर आकृती उभी आहे. ती माझी आई.

आईला छायाचित्र काढून घेण्याचा भारी संकोच. लग्नकार्यातल्या समूहचित्रांतही ती मागच्या रांगेत कोणाच्या तरी खांद्याआड असायची. २००१ च्या मे महिन्यात मी चार दिवस सुटीवर घरी गेलो होतो. आदल्याच वर्षी आखाती देशात नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने मला कॅनन ईओएस ३०० हा कॅमेरा आणून दिला होता, आणि त्याची नवलाई अजून ओसरली नव्हती. दुपारी जेवणे उरकल्यावर मी अंगणात उभा राहून आईला हाक मारली. काय मनात आले कोण जाणे, ती पदराला हात पुसत दारात आली आणि चक्क उभी राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, खटका दाबला. खात्री असावी म्हणून पुन्हा एकदा दाबला. ती हसली, "झालं का रे?" म्हणाली आणि आत वळली.

रोल छत्तीस चित्रांचा होता. त्यातली अकरा चित्रे उरली होती. फिल्म फुकट घालवू नये हा आम्हा त्या पिढीच्या माणसांचा शिरस्ता. म्हणून रोल कॅमेऱ्यातच राहिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात, आई अचानक गेली. अंत्ययात्रेसाठी तिचे छायाचित्र हवे होते, तेव्हा मला त्या रोलची आठवण झाली. स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने रोल धुतला, प्रती काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. मी पाहतच राहिलो. "चेहरा जरा उजळ करून द्या," असे मी त्याला विनवले. त्याने प्रयत्न केला. काळ्या जागी दुधाळ, रवाळ राखाडी रंग आला, चेहरा काही आला नाही. निगेटिव्ह दिव्यासमोर धरून तो मला म्हणाला, "फादर, जे फिल्मवर उतरलंच नाही, ते कागदावर कुठून आणू?" निगेटिव्हवर कांद्यांच्या जागी गडद ठसे होते आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी जवळजवळ कोरी फिल्म. शेवटी एका पुतण्याच्या लग्नातल्या समूहचित्रातून तिचा नखाएवढा चेहरा कापून मोठा करून घेतला. शवपेटीवर तोच ठेवला.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. त्याने सांगितलेले काम चोख केले होते. मी त्याला काय सांगितले होते, हे मलाच ठाऊक नव्हते. त्यातही बोचणारी गोष्ट अशी की, दहा वर्षांपूर्वी हे सारे मला नीट ठाऊक होते.

सेमिनरीत आम्हाला शिकवणारे एक वयस्क धर्मगुरू होते. तत्त्वज्ञानापेक्षा त्यांचा जीव छायाचित्रणात अधिक रमे, असे आम्ही विद्यार्थी आपापसांत म्हणत असू. त्यांच्याकडे कॅनन एफटीबी होता. १९७१ मध्ये बाजारात आलेला, लोखंडी वजनाचा, संपूर्ण यांत्रिक कॅमेरा. विजेरी लागे ती केवळ प्रकाशमापकाला. शटर तिच्यावाचून चाले. ते सेवानिवृत्त होताना त्यांनी तो माझ्या हाती ठेवला आणि दोन संध्याकाळी मला व्हरांड्यात उभे करून शिकवले.

त्या कॅमेऱ्याच्या दर्शिकेत डोळा लावला की मधोमध एक किंचित गडद आयत दिसे. संपूर्ण चौकटीच्या बारा टक्के क्षेत्राचा. कॅमेरा प्रकाश मोजी तो तेवढ्याच आयतातला. त्याच्या बाहेर सूर्य असो की काळोखी विहीर असो, त्याला घेणेदेणे नव्हते. कॅननने ही बारा टक्क्यांची पद्धत १९६५ च्या पेलिक्समध्ये आणली आणि १९६६ च्या एफटीमधून ती एफटीबीपर्यंत आली. त्या काळातले इतर अनेक कॅमेरे अवघ्या चौकटीची सरासरी काढीत, किंवा मध्याला थोडे झुकते माप देत. कॅननच्या या पद्धतीला पार्शल मीटरिंग म्हणतात. आपण आंशिक प्रकाशमापन म्हणू.

फोकसही तिथेच. आयताच्या मध्यभागी बारीक रव्यांचे एक वर्तुळ असे. फोकस चुकला की त्यातली प्रतिमा थरथरल्यासारखी तुटक दिसे. लेन्सचे कडे फिरवून ती निवळावी लागे. उजव्या बाजूला एक सुई आणि एक लहानसे कडे. शटरचा वेग किंवा अ‍ॅपर्चर बदलत जाऊन त्या दोघांची गाठ घालायची. ह्या सगळ्याला पंधरा-वीस सेकंद लागत, आणि तेवढा वेळ समोरच्या माणसाकडे पाहावेच लागे. "आधी तोंडाजवळ जा," गुरुजी म्हणत. "आयत तोंडाने भरला पाहिजे. सुई जुळव. मग मागे ये आणि हवं तसं चित्र घे. मागे आल्यावर सुई नाचेल, तिला नाचू दे."

तिला नाचू दे, हे मला फार दिवस कळले नव्हते. सुई हलली की माझा हात आपोआप कड्याकडे जाई. ते चापटी मारीत.

कारण सुईला चेहरा ठाऊक नसतो. प्रकाशमापकाची एकच समजूत असते: जे काही माझ्यासमोर आहे, ते मध्यम करड्या रंगाचे आहे. छायाचित्रणाच्या पुस्तकांत ह्या करड्यासाठी अठरा टक्के हा आकडा देतात. म्हणजे अंगावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे अठरा टक्के परत धाडणारी वस्तू. आकडा कमी वाटतो, पण आपल्या डोळ्याला काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मधली छटा वाटते ती हीच. पांढरा झगा दाखवा, मापक म्हणेल, हा तर करडाच, फक्त प्रकाश फार आहे, कमी करा. काळा कोट दाखवा, तो म्हणेल, हाही करडाच, उजेड अपुरा आहे, वाढवा. परिणामी पांढरा झगा मळकट येतो आणि काळा कोट धुरकट.

याचा धडा मला माझ्या पहिल्याच धर्मग्रामात मिळाला. प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस, पन्नासेक मुले. मुलींचे पांढरेशुभ्र फ्रॉक, डोक्यावर पांढरी जाळी, मुलांचे पांढरे सदरे, आणि साहाय्यक धर्मगुरू या नात्याने हौसेने कॅमेरा घेऊन उभा असलेला मी. मुले रांगेत उभी होती. जवळ जाऊन एकेकाचा चेहरा मापायला सवड नव्हती. आयत सरळ रांगेच्या मधोमध ठेवला, तो फ्रॉकांवर. स्लाइड फिल्म वापरली होती, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात पडद्यावर दाखवायचे होते. कागदावर प्रत काढताना तंत्रज्ञ थोडी दुरुस्ती करतो, स्लाइडला ती सोय नाही. फिल्मवर पडले तेच पडद्यावर. अर्ध्या स्टॉपची चूकही तिथे दिसून येते, आणि मी दीड स्टॉप चुकलो होतो. (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की त्याला एक स्टॉप म्हणतात.) पडद्यावर सगळ्या मुली पावसात भिजून सुकल्यासारख्या. एक माऊली मागून म्हणालीच, "फादर, फ्रॉक तर मी निळीत धुतला होता!"

त्यानंतर पांढऱ्या वस्त्रावर मापले तर दीड ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यायचा आणि काळ्यावर मापले तर तितकाच कमी करायचा, हे अंगवळणी पडले. चेहऱ्यासाठीची गोष्ट किंचित वेगळी. परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की, चेहऱ्यावर मापल्यास एक स्टॉप वाढवा. ती पुस्तके गोऱ्या कातडीच्या हिशेबाने लिहिलेली. उन्हात राबलेल्या आपल्या माणसांचे चेहरे त्या मधल्या करड्याच्या बरेच जवळ असतात. मापक जे सांगेल ते तसेच घ्यावे, फार तर अर्धा स्टॉप इकडेतिकडे. चेहऱ्याजवळ जाणे शक्य नसेल तर स्वतःचा तळहात त्याच उजेडात धरून मापावा. तळहात बहुतेकांचा उजळच असतो, तेव्हा तिथे मात्र एक स्टॉप वाढवायचा. मिस्सा चालू असताना चेहऱ्याजवळ कोण जाणार? मी पुष्कळदा खांबाआड उभा राहून स्वतःचाच तळहात पाहत असे. एका आजोबांना वाटले, फादरांना हस्तरेषांचा नाद लागला.

एवढे सगळे येत असताना आईच्या वेळी ते कुठे गेले?

एफटीबीच्या विजेरीने पहिला घाव घातला. त्याचा मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या विजेरीवर बेतलेला. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे त्या विजेऱ्या बंद होत गेल्या. आकाराने तशाच दिसणाऱ्या अल्कलाइन विजेऱ्या दीड व्होल्टच्या, आणि झिजताना त्यांचा दाब उतरत जातो. सुई खोटे बोलू लागली. तेवढ्यात भावाने ईओएस ३०० आणला आणि मी एफटीबी कपाटात ठेवून दिला.

१९९९ मध्ये बाजारात आलेला हा ईओएस ३०० हलका, प्लॅस्टिकचा आणि विलक्षण हुशार. स्वयंचलित फोकसचे कॅमेरे तोवर बरीच मजल मारून आले होते. कॅननचा पहिला ईओएस, ६५० हा, १९८७ चा. त्याला फोकसचा एकच बिंदू होता, मध्यभागी, आणि आंशिक मापन साडेसहा टक्क्यांचे. १९९० च्या ईओएस १० मध्ये तीन बिंदू झाले. १९९२ च्या ईओएस ५ मध्ये पाच बिंदू होते आणि आपण ज्या बिंदूकडे पाहू तो बुबुळाच्या हालचालीवरून ओळखण्याची सोयही होती. चष्मेवाल्यांचे डोळे मात्र तो नेहमीच ओळखी असे नाही. माझ्या ईओएस ३०० मध्ये सात बिंदू होते. पाच आडव्या ओळीत, एक मधल्याच्या वर, एक खाली, क्रुसासारखे मांडलेले. प्रकाशमापनासाठी चौकटीचे पस्तीस भाग पाडलेले. प्रत्येक भाग वेगळा मोजून, एकमेकांशी ताडून कॅमेरा निर्णय घेई. ह्याला इव्हॅल्युएटिव्ह, म्हणजे साकल्याने विचार करणारे मापन म्हणतात.

साकल्याने विचार करतो म्हणजे कशाचा? इथेच मेख आहे. पस्तीस भागांपैकी कोणाला महत्त्व द्यायचे हे कॅमेरा फोकसच्या बिंदूवरून ठरवतो. ज्या बिंदूवर फोकस लागला, तिथेच चित्राचा विषय असणार असे तो गृहीत धरतो आणि तिथल्या प्रकाशाला झुकते माप देतो. आणि सातही बिंदू मोकळे ठेवले, निवड त्याच्यावर सोपवली, तर तो साधारणपणे सगळ्यांत जवळची वस्तू पकडतो. दहापैकी आठ वेळा माणूसच सर्वांत पुढे असतो, म्हणून हा आडाखा खपून जातो.

आता त्या दुपारचे अंगण डोळ्यांसमोर आणा. मी उन्हात उभा. झूम ८० मि.मी.वर. दाराच्या बाहेरच्या चौकटीला माळ, माझ्यापासून दीड मीटरवर, लख्ख उन्हात. आई उंबरठ्याच्या आत, आणखी मीटरभर मागे, सावलीत. सातही बिंदू मोकळे. डावीकडच्या बिंदूखाली कांदे आले. जवळची वस्तू म्हणून फोकस त्यांच्यावर गेला. फोकस त्यांच्यावर गेला म्हणून मापही त्यांच्याकडे झुकले. कांदे पांढरे, म्हणजे करडे करण्यासाठी प्रकाश आणखी कमी. उन्हात आणि सावलीत तीनेक स्टॉपचे, म्हणजे आठपट, अंतर होतेच. त्यावर पांढऱ्याची ही भर. एकाच खटक्यात तीन चुका एकीवर एक चढल्या. दुसऱ्या चित्रात त्याच तीन चुका पुन्हा. खात्रीसाठी म्हणून घेतलेले दुसरे चित्र काहीही न बदलता घेतले, तर त्यातून खात्री कसली मिळणार?

एक कबुलीही द्यायला हवी. कॅमेऱ्याची चकती हिरव्या चौकोनावर, म्हणजे संपूर्ण स्वयंचलित खुणेवर ठेवली असती, तर विरुद्ध प्रकाश ओळखून त्याने कदाचित आपला फ्लॅश आपणच उघडला असता आणि आईचा चेहरा निदान ओळखू येईल इतका तरी उजळला असता. परंतु हिरवा चौकोन नवशिक्यांसाठी असतो असा माझा समज. मी चकती 'पी' वर ठेवली होती. जाणकार म्हणवून घेण्यापुरते शिकलो होतो, बिंदू निवडण्याइतके कष्ट घेतले नव्हते.

पुढे किती तरी महिने मी त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही. नंतर एकदा पुस्तिका उघडून पहिल्या पानापासून वाचली. कॅमेरा हातात आल्यापासून ती पिशवीतच होती. मागच्या बाजूस, उजव्या अंगठ्याशी, दोन लहान बटणे होती. एक फोकसचा बिंदू निवडण्याचे: ते दाबून चकती फिरवली की सातांपैकी हवा तो एकच बिंदू ठेवता येई. दुसऱ्यावर चांदणीची खूण. ती चांदणी दाबली की पस्तीस भागांचा विचार बाजूला पडे आणि कॅमेरा मधल्या साडेनऊ टक्के क्षेत्रापुरताच प्रकाश मोजून ते माप धरून ठेवी. दर्शिकेत चांदणी उजळे. एफटीबीचा गडद आयतच तो, फक्त बटणाआड लपवलेला. गुरुजींनी शिकवलेले सगळे त्या एका चांदणीत होते आणि मी ती कधी दाबली नव्हती.

ही दोन बटणे वेगळी का, हे समजले की बाकी सगळे सोपे होते. नेहमीच्या पद्धतीत खटका अर्धा दाबला की फोकस आणि माप दोन्ही एकदम पक्की होतात, दोन्ही त्याच जागेवरून. मात्र समोरच्या माणसाविषयी कॅमेऱ्याला दोन निराळे प्रश्न विचारायचे असतात: तो किती लांब आहे, आणि त्याच्यावर किती उजेड आहे. चांदणी दुसरा प्रश्न आधी आणि स्वतंत्रपणे विचारू देते. आंशिक मापन नेहमी चौकटीच्या मध्याशी होते, फोकसचा बिंदू तुम्ही डावा निवडा की उजवा. म्हणून आधी चेहरा मध्यात आणायचा, चांदणी दाबून धरायची. मग चौकट हवी तशी मांडायची, निवडलेला बिंदू डोळ्यावर आणायचा, अर्धा खटका, पूर्ण खटका. बिंदू डोळ्यावरच का? नाकाचे टोक थोडे पुसट चालते, डोळा पुसट चालत नाही.

साडेनऊ टक्के म्हणजे नेमके किती, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिले. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मि.मी., म्हणजे ८६४ चौरस मि.मी. त्याचे साडेनऊ टक्के सुमारे ८२. फिल्मवर जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. ५० मि.मी.च्या लेन्सने दोन मीटरवरून घेतलेला चेहरा फिल्मवर सुमारे चार मि.मी. रुंद आणि सहा मि.मी. उंच उतरतो. म्हणजे वर्तुळाचा बराच भाग चेहऱ्याबाहेरच राहतो, आणि तिथे पांढरी भिंत असेल तर चांदणी दाबूनही चूक व्हायची ती होतेच. एक मीटरवर आलात की चेहरा आठ बाय साडेअकरा होतो, वर्तुळ जवळजवळ भरतो. "आधी तोंडाजवळ जा," ह्या वाक्याचे गणित एवढेच. ईओएस ५ मध्ये साडेतीन टक्क्यांचे बिंदुमापन होते, त्याने हे चालणे थोडे वाचे. मला विचाराल तर चालण्याचा तोटा काहीच नाही. कॅमेरा घेऊन आपण एक मीटरवर गेलो की माणूस प्रथम बावरतो, आपण मागे आलो की त्याला वाटते काम संपले. चेहरा सैल पडतो. चित्र तेव्हा घ्यायचे.

रंगीत निगेटिव्ह फिल्मविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तिला प्रकाश एक-दोन स्टॉप जास्त झाला तर ती सोसते, कमी झालेला सोसत नाही. तेव्हा मनात शंका असेल तर सावलीकडच्या बाजूने निर्णय द्यावा. त्या दुपारी मी चांदणी दाबून आईच्या चेहऱ्यावर मापले असते तर कांदे पांढरेफटक होऊन विरघळले असते, शिरा दिसल्या नसत्या. दिसू नयेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातली, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी निवासावर आली. तिच्या हातात ईओएस ३००, अगदी माझ्यासारखाच. तिच्या बाबांच्या कपाटात सापडला होता. हल्ली तरुणांमध्ये फिल्मची आवड पुन्हा वाढली आहे. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम स्लाइड फिल्म २०१८ मध्ये पुन्हा आणली, पेंटॅक्सने २०२४ मध्ये फिल्मचा नवा कोरा कॅमेरा काढला. एका रोलची आजची किंमत ऐकून मात्र मला घाम फुटला. तिने दोन सीआर२ विजेऱ्या घातल्या होत्या, कॅमेरा चालू होत होता, फिल्म भरलेली होती. "फादर, आजीचा फोटो काढायचाय. मोबाइलवर हजार आहेत. पण हा वेगळा हवा. हे बिंदू सगळे एकदम का लागतात?"

आजी बाहेर पायरीवरच बसली होती, तांबडे लुगडे नेसलेली. जुन्या बायांमधल्या फार थोड्या आता ते नेसतात. मी तिला व्हरांड्यात यायला सांगितले. पाठीमागे चर्चची पांढरी भिंत उन्हात तळपत होती. मुद्दामच तशी जागा निवडली होती. मुलीला म्हटले, सात बिंदू बंद कर, एक ठेव. तिने उजवीकडचा ठेवला. आजीजवळ जा. आणखी जवळ. आजी म्हणाली, "अगं, नाकाला लावतेस का ते यंत्र?" चेहरा मध्यात घे, चांदणी दाब, सोडू नकोस. आता मागे ये.

मागे येताना तिने डोळा दर्शिकेवरून काढला नाही. पाठीमागच्या कुंडीला अडखळली, पण अंगठा सुटला नाही. "फादर, भिंत फार पांढरी दिसतेय."

"दिसू दे," मी म्हणालो.

आजीचा डोळा उजव्या बिंदूखाली आला. खटका झाला, आणि फिल्म सरकल्याचा बारीक आवाज आला. हा कॅमेरा रोल घालताच सगळी फिल्म आधी बाहेर ओढून घेतो आणि काढलेले एकेक चित्र डबीत परत गुंडाळत जातो, त्यामुळे आकडा उलटा मोजला जातो. मी खिडकीत पाहिले. एकवीस.

"अजून एकवीस बाकी आहेत," ती म्हणाली. "सुटीत कॉलेजच्या सहलीला जाणार आहोत. तिथे संपवीन."

मी कॅमेरा तिच्याकडून घेतला आणि रोल मध्येच गुंडाळून घेण्याचे लहान बटण तिला दाखवले. नख टेकवावे लागते इतके ते आत बसवलेले आहे. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. एकवीस चित्रांचे पैसे ती मनात मोजत असावी. मग तिने आजीकडे पाहिले आणि बटण दाबले. आमच्या गावातल्या स्टुडिओत आता रोल धुवत नाहीत. डबी कागदात गुंडाळून तिने त्याच संध्याकाळी कुरिअरने लॅबकडे पाठवली.